प्रकाशाने होणारी दृष्टिपटलाची इजा आणि म्यूलरच्या पेशी

जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथील शरीररचनाशास्त्रज्ञ हाइन्रिख म्यूलर याने १८५१ साली दृष्टिपटलाच्या सूक्ष्मरचनेविषयी एक लेख प्रसिद्ध केला. दृष्टिपटलाच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, मधले सारे थर ओलांडून सरळ गेलेले काही तंतू त्यात त्याने वर्णिले होते. पुढे त्या तंतूंना त्याचेच नाव मिळाले. ते नुसते तंतू नसून प्रत्येक तंतू ही एक संपूर्ण पेशी आहे, हे ठरावयास बराच काळ गेला. आणि दृष्टिपटलास प्रकाशाने इजा झाली असता या पेशी काय करतात, हा प्रश्न नीटपणे विचारला जाण्यास तर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. एवढा विलंब का झाला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. साधनांची उणीव हे कारण सहज सुचते, आणि ते अंशतः खरेही आहे. परंतु आमच्या मते मुख्य कारण निराळे होते. प्रकाशाची इजा म्हणजे भाजणे, अशी शास्त्रज्ञांची दीर्घकाळ समजूत होती. आणि भाजलेल्या जागी प्रकाशग्राही पेशी व त्यांचे शेजारी एकदमच मरत असल्यामुळे शेजाऱ्यांच्या वर्तनाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. प्रकाशग्राही पेशी तेवढ्या मराव्यात आणि शेजारच्या पेशी जिवंत राहाव्यात, अशी इजा १९६६ साली प्रयोगशाळेत साध्य झाली. तेथून पुढे हा प्रश्न विचारता येऊ लागला.

एक खुलासा आरंभीच केलेला बरा. हा म्यूलर म्हणजे बर्लिनचा विख्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर नव्हे. योहानेस १८०१ साली जन्मला व १८५८ साली वारला. हाइन्रिखचा जन्म १८२० सालचा, आणि १८६४ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो निवर्तला. गर्भविज्ञानातील म्यूलरची नलिका पहिल्याच्या नावाची आहे, दृष्टिपटलातील पेशी दुसऱ्याच्या. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत या दोघांची सरमिसळ नित्य आढळते.

दृष्टिपटलाची रचना प्रथमदर्शनी उलटी वाटते. प्रकाश बुबुळातून, भिंगातून व काचाभ द्रवातून येतो आणि दृष्टिपटलाच्या आतल्या पृष्ठभागावर पडतो. पण त्याला ग्रहण करणाऱ्या दंडपेशी व शंकुपेशी असतात त्या अगदी बाहेरच्या, म्हणजे पाठीमागच्या थरात. मधल्या चेतापेशींचे सर्व थर ओलांडून प्रकाशाला तेथवर जावे लागते. हे सिद्ध करण्यातही हाइन्रिख म्यूलरचाच वाटा मोठा आहे. डोळ्याच्या कडेने हलता दिवा धरला असता दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांच्या सावल्या आपल्या आपल्याला दिसतात, हे पुर्किंयेने पूर्वीच दाखविले होते. दिवा हलविला की सावली किती सरकते, हे म्यूलरने मोजले, आणि त्यावरून रक्तवाहिन्या व प्रकाश ग्रहण करणारा थर यांमधले अंतर गणिताने काढले. ते अंतर दंडपेशी व शंकुपेशी यांच्या थराशी जुळले. १८५५ सालचे हे काम आहे. एका मनुष्याच्या जिवंत डोळ्यात, शस्त्र न लावता, पेशींच्या थराची खोली ठरविणारा हा प्रयोग साधेपणामुळे आजही मनाला मोह घालतो.

म्यूलरची पेशी या सर्व थरांतून आरपार जाते. तिचा आतला पाय काचाभ द्रवाला टेकलेला असतो, केंद्रक मधल्या थरात असते, आणि बाहेरचे टोक प्रकाशग्राही पेशींच्या देहाला चिकटून एक जाळीदार सीमा तयार करते. या सीमेला जुन्या ग्रंथांत बाह्य सीमापटल म्हटले आहे. ते वस्तुतः पटल नसून पेशीपेशींमधील सांध्यांची रांग आहे. दृष्टिपटलातील जवळजवळ प्रत्येक चेतापेशीला म्यूलरच्या पेशीचा कोठे ना कोठे स्पर्श असतो. सर्वांशी शेजार असलेली दुसरी पेशी या पटलात क्वचितच सापडेल.

असे असूनही तिला 'आधारपेशी' हे नाव का पडले, हे समजण्यासाठी पुन्हा वुर्त्सबुर्गकडेच जावे लागते. १८४९ ते १८५६ या काळात रुडॉल्फ फिरखो तेथे प्राध्यापक होता. क्योलिकरही तेथेच होता. मज्जासंस्थेतील चेतापेशींच्या दरम्यान जो मऊ पदार्थ भरलेला दिसतो, त्यास फिरखोने १८५६ साली 'न्यूरोग्लिया', म्हणजे मज्जेचा डिंक किंवा सांधणारे लुकण, असे नाव दिले. हे लुकण शरीरातील इतर संयोजी ऊतकांच्या जातीचे आहे, असे त्याचे मत होते. ते मत पुढे टिकले नाही, पण नाव टिकले, आणि नावाबरोबर त्यातली कल्पनाही टिकली. लुकण भिंतीच्या विटा सांधते; विटा पडू लागल्या तर लुकण काही करील अशी अपेक्षा कोणी ठेवीत नाही. माक्स शुल्ट्सेने १८६६ साली दंडपेशी व शंकुपेशी यांच्या कार्यातला भेद दाखविणारे आपले प्रसिद्ध काम केले, तेव्हाही त्याच्या लेखी म्यूलरचे तंतू हे दृष्टिपटलाचे खांब होते.

गॉल्जीने १८७३ साली रौप्यक्षारांची रंजनपद्धती शोधली आणि रामॉन इ काहाल याने ती दृष्टिपटलाला लावली. पृष्ठवंशी प्राण्यांच्या दृष्टिपटलावरील त्याचा मोठा प्रबंध १८९३ सालचा. त्यातील आकृतींत म्यूलरची पेशी प्रथमच सगळी, एकटी व स्पष्ट दिसते: मधल्या थरांत तिला कंगोऱ्यांसारखे पापुद्रे फुटलेले आहेत आणि प्रत्येक पोकळीच्या आकारानुसार ते वळलेले आहेत. चेतापेशींना एकमेकींपासून विलग ठेवणारे हे आच्छादन असावे, असे काहालला वाटे. लुकणापेक्षा ही कल्पना पुढची होय, यात शंका नाही. पण आच्छादन हीदेखील निष्क्रिय वस्तूच. शिवाय रौप्यरंजन हे मृत ऊतकाचे, आणि हजारांतून थोड्याच पेशींचे. आघातापूर्वी व आघातानंतर तीच पेशी कशी बदलते, हे त्या पद्धतीने सांगणे कठीण होते. तो प्रश्न तिला विचारला गेला नाही, याचा दोष काहालला देणे अन्यायाचे होईल.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. तीव्र प्रकाशाने डोळा जातो, हे ज्ञान फार जुने आहे. सूर्यग्रहण पाहताना लोकांचे डोळे बिघडतात, म्हणून त्याचे प्रतिबिंब पाण्यात पाहावे, असा उल्लेख प्लेटोच्या फीडो या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडी आहे. आपल्याकडे ग्रहणाचे भय निराळ्या कारणांनी रूढ झाले. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कारवार-अंकोल्यापासून ओडिशाच्या किनाऱ्यापर्यंत खग्रास ग्रहण दिसले, तेव्हा अनेकांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या. भय शास्त्रशुद्ध नसले तरी डोळ्यांपुरता परिणाम हितकर झाला असेल, एवढे म्हणावयास हरकत नाही.

या इजेचा प्रायोगिक अभ्यास व्हिन्सेंट्स चेर्नी याने १८६७ साली केला. पुढे हायडेलबर्ग येथे शल्यचिकित्सक म्हणून त्याने मोठा लौकिक मिळविला. पण तरुणपणी त्याने प्राण्यांच्या डोळ्यांत सूर्यप्रकाश एकवटून दृष्टिपटलावर पडणारे डाग तपासले होते. या परंपरेतील निर्णायक मानला गेलेला ग्रंथ १९१६ साली अमेरिकेत बॉस्टन येथे सिद्ध झाला. व्हेरहॉफ हा नेत्रविकृतिशास्त्रज्ञ आणि बेल हा प्रकाशयोजनेचा तज्ज्ञ. दोघांनी मिळून नाना प्रकारच्या किरणांचे डोळ्यावरील परिणाम तपासले, आणि ग्रहण पाहून येणारे अंधत्व हे उष्णतेमुळे येते, दृश्य प्रकाशाचा धोका तो भाजण्याइतका तीव्र असेल तरच, असा निष्कर्ष काढला. काम अतिशय कसोशीचे होते. त्यामुळेच त्याचा निर्णय अर्धशतक जवळजवळ अबाधित राहिला.

भाजण्याच्या या कल्पनेतून एक उत्तम उपचारही निघाला. हांबुर्ग येथील नेत्रवैद्य गेर्ड मायर-श्विकेराट याने ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणानंतर दृष्टिपटल भाजलेला रोगी तपासला. भाजलेल्या जागी जो वण राहतो, तो दृष्टिपटलास पाठीमागच्या थराशी घट्ट चिकटवितो, हे त्याच्या ध्यानात आले; मग सुटू पाहणारे दृष्टिपटल हेतुपुरस्सर भाजून का चिकटवू नये? प्रथम सूर्यप्रकाश, मग कार्बनचा व पुढे झेनॉनचा दिवा वापरून त्याने ही पद्धत उभी केली, आणि १९६० साली माणिक-लेसर निघाल्यावर थोड्याच काळात नेत्रवैद्यांनी तोही हाती घेतला. या उपचारात आधारपेशींचा भाग मोठा आहे, कारण वण घडविण्यात भाजल्या जागेच्या कडेच्या जिवंत आधारपेशींचा वाटा असतो. परंतु येथे त्या दिसतात त्या केवळ वण करणाऱ्या म्हणून. मध्यभागी सर्व काही गोठून मेलेले, आणि कडेने भर घालणाऱ्या पेशी. प्रकाशग्राही पेशी मरणपंथाला असताना तिला चिकटलेली म्यूलरची पेशी काय करते, हे पाहण्याची सोय या चित्रात नव्हती.

ती सोय बफेलो येथील वेर्नर नोएल याने करून दिली. नोएल मूळचा जर्मन. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अमेरिकेत गेला. दृष्टिपटलातील पेशींच्या चयापचयाचा अभ्यास हा त्याचा विषय. आयोडोॲसिटेट या रसायनाने दंडपेशी निवडून मारता येतात, हे त्याने १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत दाखविले होते. एकाच जातीची पेशी मारून बाकीचे दृष्टिपटल तसेच ठेवणे ही युक्ती त्याच्या विचारात आधीपासून होती, हे येथे लक्षात घ्यावे. १९६६ साली त्याने व त्याच्या तीन सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध पांढऱ्या उंदरांवरील प्रयोगांचा आहे. हे उंदीर कित्येक तास, काही एक अहोरात्र, साध्या नळीच्या दिव्यांच्या हिरवट प्रकाशात ठेवले होते. प्रकाश भाजण्याच्या जवळपासही नव्हता. तरीही त्यांच्या दृष्टिपटलाचा विद्युत्-प्रतिसाद घटला, आणि प्रकाशग्राही पेशी कायमच्या नष्ट झाल्या.

निबंधाचे महत्त्व या शोधात आहे तितकेच त्याच्या तपासणीतही आहे. कोणत्या रंगाचा प्रकाश किती इजा करतो, याचा आलेख नोएलने काढला, तेव्हा तो ऱ्होडॉप्सिनच्या प्रकाशशोषणाच्या आलेखाशी मिळताजुळता निघाला. ऱ्होडॉप्सिन म्हणजे दंडपेशींतील तो लालसर वर्णद्रव्य पदार्थ, जो प्रकाशाने फिका पडतो हे फ्रान्त्स बोलने १८७६ साली पाहिले व ज्याचा अभ्यास क्यूनेने पुढे नेला. जे द्रव्य पाहण्याचे साधन, तेच इजेचे द्वार ठरले. उंदराच्या शरीराचे तापमान थोड्या अंशांनी वाढविले तर तितक्याच प्रकाशाने इजा फार लवकर होई. १९७१ साली नोएल व अल्ब्रेख्ट यांनी असेही दाखविले की, अ जीवनसत्त्वाच्या अभावी ज्यांच्यात ऱ्होडॉप्सिन कमी आहे ते उंदीर या इजेतून बचावतात, आणि अंधारात वाढविलेले उंदीर प्रकाशात-अंधारात आळीपाळीने वाढलेल्यांपेक्षा अधिक बळी पडतात.

निळ्या प्रकाशाची इजा निराळ्या मार्गाने होते, हे हॅम व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली माकडांवरील प्रयोगांनी दाखविले. तिचा विस्तार येथे करीत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच: इजा ऱ्होडॉप्सिनच्या द्वारे होते, आणि दंडपेशींतले ते द्रव्य म्यूलरच्या पेशीत नाही. म्हणून नोएलच्या दिव्याखाली दंडपेशी मरते आणि तिला मिठी घालून बसलेली म्यूलरची पेशी जिवंत राहते. भाजण्याच्या प्रयोगांत जे शंभर वर्षे मिळाले नाही, ते या मंद प्रकाशाने दिले. नोएलला आधारपेशींत विशेष रस होता असे त्याच्या निबंधावरून दिसत नाही. पण आधारपेशींच्या अभ्यासकांना प्रयोगाचा साचा त्यानेच पुरविला, हे मान्य केले पाहिजे.

कुवाबारा व गॉर्न यांनी १९६८ साली या इजेचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून अभ्यास केला. त्यांचे लक्ष मुख्यतः प्रकाशग्राही पेशींच्या बाहेरच्या खंडांतील चकत्या कशा विस्कटतात याकडे होते. नंतरच्या निरीक्षणांतून मात्र एक गोष्ट वरचेवर पुढे येऊ लागली. प्रकाशग्राही पेशी नाहीशा झाल्या की त्यांची मोकळी जागा म्यूलरच्या पेशींचे वाढलेले फाटे व्यापतात आणि पाठीमागच्या रंजकपेशींच्या थरापर्यंत जाऊन पोचतात.

या वाढीला रासायनिक खूण मिळाली ती मेंदूच्या रोगांच्या अभ्यासातून. ग्लियल फिब्रिलरी ॲसिडिक प्रथिन या नावाचे तंतुमय प्रथिन लॉरेन्स एंग याने १९७० च्या सुमारास मेंदूतील जुन्या वणांतून वेगळे केले होते. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून बिन्यामी व डाल यांनी १९७९ साली उंदराच्या दृष्टिपटलाचे छेद तपासले. निरोगी दृष्टिपटलात म्यूलरच्या पेशी या प्रतिपिंडांनी रंगत नव्हत्या. इजा झालेल्या दृष्टिपटलात त्याच पेशी आतून बाहेरपर्यंत झळकल्या. १९८४ साली आयझेनफेल्ड, बंट-मिलाम व सारथी यांनी तीच कसोटी प्रकाशाने इजा केलेल्या आणि उपजत दोषाने झिजणाऱ्या दृष्टिपटलांना लावली, व दोन्हींत तेच आढळले. दृष्टिपटलाच्या बाहेरच्या थरात पेशी मरतात आणि आतल्या कडेपर्यंत पसरलेली शेजारीण आपले अंतरंग बदलते, ही गोष्ट आता सूक्ष्मदर्शकाखाली कोणालाही दाखविता येऊ लागली. लुकण या उपमेचा पाया येथे खचला. याच सुमारास म्यूलरच्या पेशीच्या निरोगी अवस्थेतील कामाविषयीही पुष्कळ कळले होते: ग्लुटामेटाचे रूपांतर करणारे विकर तिच्यात असते हे रीप व नोरेनबर्ग यांनी १९७७ साली दाखविले, आणि चेतापेशींनी बाहेर टाकलेले पोटॅशियम ती वाहून नेते हे न्यूमनच्या प्रयोगांतून पुढे आले.

पण ही खूण मिळाली आणि तिच्याबरोबर एक गैरसमजही पसरला, असे आमचे मत आहे. खूण वणातून सापडली होती. म्हणून ती जेथे दिसेल तेथे वण आहे, आणि वण म्हणजे अपाय, अशी समजूत सहज झाली. पेशीचा 'प्रतिसाद' व तिचा 'विकार' हे शब्द पर्यायवाची झाले. उपचाराच्या दृष्टीने हा भेद लहान नाही. म्यूलरच्या पेशींची ही प्रतिक्रिया अपायकारक असेल तर ती दडपणारे औषध शोधावे लागेल. उपकारक असेल तर तेच औषध रोग्याची दृष्टी घालवील.

या प्रश्नाला वळण मिळाले ते एका सुईच्या टोचणीने. सॅन फ्रॅन्सिस्को येथील स्टाइनबर्ग, लाव्हेल व त्यांची सहकारी फाक्टोरोविच यांनी १९९० साली उपजत दृष्टिनाश होणाऱ्या उंदरांच्या डोळ्यांत तंतुपेशी-वृद्धिघटक नावाचे प्रथिन टोचले, आणि मरू घातलेल्या प्रकाशग्राही पेशी कित्येक आठवडे तगल्या. प्रयोगाची बाजू तपासण्यासाठी काही डोळ्यांत केवळ क्षारजल टोचले होते. त्या डोळ्यांतही सुईच्या मार्गाभोवती प्रकाशग्राही पेशी जगलेल्या आढळल्या. १९९२ साली त्यांनी हाच प्रयोग प्रकाशाच्या इजेवर केला. उंदीर एक-दोन आठवडे अखंड प्रकाशात ठेवले. ज्यांच्या डोळ्यांत आधी वृद्धिघटक टोचला होता त्यांच्या पेशी वाचल्या, आणि नुसत्या सुईने दृष्टिपटलाला इजा केली असताही जखमेजवळच्या पेशी वाचल्या. जखम जखमेपासून संरक्षण देते, असे म्हणण्याची वेळ आली. प्रयोगशास्त्रात तुलनेसाठी ठेवलेला गट मुख्य गटापेक्षा अधिक बोलका ठरावा, याची याहून सुंदर उदाहरणे थोडीच सापडतील. एखाद्या घाईच्या संशोधकाने क्षारजलाचा तो परिणाम 'दोष' समजून वगळला असता.

ही संरक्षक द्रव्ये इजेनंतर दृष्टिपटल स्वतःच निर्माण करते, हे वेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखविले. १९९८ साली याच गटाने आणखी एक पाऊल टाकले: उंदरांना आधी थोडा काळ तीव्र प्रकाशात ठेवून मग विश्रांती दिली, तर पुढच्या घातक प्रकाशातून त्यांच्या पेशी अधिक संख्येने वाचतात. परंतु ही द्रव्ये नेमकी कोणावर काम करतात? सर्वांनी गृहीत धरले होते की प्रकाशग्राही पेशींवरच. वालिन, कँपोकियारो, झॅक व ॲडलर यांनी २००० साली ही द्रव्ये उंदरांच्या डोळ्यांत टोचून कोणत्या पेशींत आतले रासायनिक संकेत जागे होतात ते पाहिले. प्रकाशग्राही पेशी स्तब्ध होत्या. जाग्या झाल्या त्या म्यूलरच्या व आतल्या थरांतील पेशी. ज्यांना वाचवावयाचे त्यांना निरोप पोचतच नाही; तो पोचतो आधारपेशीला, आणि पुढचे काम ती करते.

त्याच वर्षी हाराडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, प्रकाशाने इजा झालेल्या दृष्टिपटलात म्यूलरच्या पेशीवर दोन परस्परविरोधी ग्राहके असतात. एकातून संकेत आला तर ती वृद्धिघटक अधिक निर्माण करते, दुसऱ्यातून आला तर कमी. दुसरे ग्राहक अडविले की प्रकाशग्राही पेशी अधिक वाचतात. म्हणजे एकच पेशी, एकाच इजेत, तारकही होऊ शकते आणि घातकही. तिच्याकडे कोणता निरोप येतो त्यावर हे अवलंबून. मरणासन्न पेशी स्वतःही निरोप पाठविते: रॅट्नर व नेथन्स यांनी २००५ साली बाल्टिमोर येथे असे दाखविले की, इजा झालेल्या प्रकाशग्राही पेशी एंडोथेलिन-२ हे द्रव्य निर्माण करतात आणि त्याचे ग्राहक म्यूलरच्या पेशींवर असते. २००८ साली झ्यूरिख येथील जोली, ग्रिम व इतरांनी या साखळीतला आणखी एक दुवा जोडला. उपजत दोषाने दृष्टिपटल झिजणाऱ्या उंदरांत, इजेनंतर काही म्यूलर-पेशी निर्माण करतात ते एक विशिष्ट संकेतद्रव्य त्यांनी जनुकीय उपायाने नाहीसे केले. तेव्हा म्यूलरच्या पेशींची ती कुप्रसिद्ध प्रतिक्रिया दबली खरी; पण प्रकाशग्राही पेशी पूर्वीपेक्षा फार वेगाने मेल्या.

यावरून आधारपेशींची प्रतिक्रिया सर्वस्वी हितकर आहे असे मानणे म्हणजे पूर्वीच्याच चुकीची उलट आवृत्ती होईल. यूटा येथील मार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली पांढऱ्या उंदरांतील प्रकाशाच्या इजेचे दीर्घकालीन परिणाम वर्णिले आहेत. प्रकाशग्राही पेशी साफ नाहीशा झाल्यावर म्यूलरच्या पेशींचे फाटे एकमेकांत गुंतून बाहेरच्या बाजूस एक बंद आवरण तयार करतात. ते ज्या ठिकाणी तुटते तेथून उरलेल्या चेतापेशी दृष्टिपटल सोडून बाहेर स्थलांतर करतात, आणि उरलेल्यांची जोडणी बिघडते. अशा दृष्टिपटलात नव्या पेशींचे रोपण करू पाहणाऱ्याला प्रथम हे आवरण ओलांडावे लागते. काळाचा भेद येथे निर्णायक दिसतो: पहिल्या काही दिवसांतली म्यूलरची पेशी आणि कित्येक महिन्यांनंतरची म्यूलरची पेशी या दोन निराळ्या भूमिका आहेत. या विषयावरील पुष्कळसा वाद कोणी कोणत्या दिवशी दृष्टिपटल कापून पाहिले, यातून उत्पन्न झालेला आहे.

आतापर्यंतची सर्व हकीकत उंदरांची. माशांची हकीकत अगदी वेगळी आहे, आणि तिचा एक दूरचा धागा भारताशी जुळतो. कंपनी सरकारच्या नोकरीतील शल्यवैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतील माशांवरील आपला ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध केला. त्यात अंगावर निळसर पट्टे असलेल्या एका बोटभर माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. ओढ्यांत, भातखाचरांत राहणारा हा मासा आज झेब्राफिश या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठात व्हिटेलिक व हाइड यांनी २००० साली वर्णहीन झेब्राफिश आठवडाभर अखंड तीव्र प्रकाशात ठेवले. त्यांच्या दंडपेशी व शंकुपेशी मोठ्या प्रमाणावर मेल्या, जशा नोएलच्या उंदरांत मेल्या होत्या. पण काही आठवड्यांत माशांना त्या पुन्हा आल्या.

या नव्या पेशी कोठून येतात, याचे उत्तर मिशिगन येथील पामेला रेमंड यांच्या प्रयोगशाळेने २००७ साली दिले. त्या म्यूलरच्या पेशींपासून येतात. इजेनंतर माशाची म्यूलर-पेशी आपले प्रौढ रूप काही अंशी टाकते, विभागते, आणि तिच्या संततीतून नव्या चेतापेशी घडतात. मरणाऱ्या पेशी या प्रक्रियेला सुरुवात करून देणारा निरोप धाडतात, हे हाइड यांच्या गटाने २०१३ साली दाखविले: मरणासन्न चेतापेशींत ट्यूमर-नेक्रोसिस घटक आढळतो, आणि तो अडविला तर म्यूलरच्या पेशींचे विभाजन घटते. सस्तन प्राण्यांतही आपण हेच पाहिले, की मरणारी पेशी निरोप धाडते व म्यूलरची पेशी तो ऐकते. फरक आहे तो ऐकल्यानंतरच्या कृतीत. मासा पेशी पुन्हा घडवितो. उंदीर थोडा काळ शेजाऱ्याला जपतो आणि मग जागा बंद करतो. कोंबडीच्या पिलांत मधली स्थिती आहे, असे फिशर व रे यांनी २००१ साली दाखविले: तेथे म्यूलरच्या पेशी विभागतात, पण त्यांच्या संततीतील थोड्याच चेतापेशी होतात.

मासा, कोंबडी व उंदीर या तिघांच्या म्यूलर-पेशींतील जनुकांची तुलना २०२० साली एका मोठ्या गटाने प्रसिद्ध केली. तीत असे आढळले की, इजेनंतर आरंभी तिघांच्याही पेशी जागृत होतात. उंदरात मात्र काही नियामक जनुके त्यांना पुन्हा पूर्वस्थितीत ढकलतात. ती जनुके काढून टाकली तर इजा झालेल्या प्रौढ उंदराच्या म्यूलर-पेशींतून चेतापेशी निपजतात. त्याआधी २०१७ साली सिॲटल येथे दुसऱ्या मार्गाने, एक विकासजनुक जबरीने चालू करून व त्यास एका औषधाची जोड देऊन, प्रौढ उंदरात असेच साधले होते. हे सारे अजून प्रयोगशाळेतले आहे. नेत्रवैद्याच्या हाती त्यातले काही आलेले नाही.

त्याच्या गरजेचे प्रसंग मात्र वास्तव आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याने रोग्याच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचे वृत्त १९८३ साली मॅक्डॉनल्ड व अर्व्हिन यांनी दिले, आणि त्यानंतर त्या दिव्यांची तीव्रता, गाळण्या व शस्त्रक्रियेचा अवधी यांकडे अधिक काळजीने पाहिले जाऊ लागले. रोग्याचा डोळा दिव्याखाली स्थिर असतो, त्याला नजर फिरविता येत नाही. व्हेरहॉफ व बेल यांच्या निर्णयावर विसंबून ज्यांनी केवळ उष्णतेची गाळणी लावली असती, त्यांना हा धोका दिसला नसता.

लाइपझिग येथील राइखेनबाख व फ्रान्त्से यांच्या गटाने २००७ साली म्यूलरच्या पेशीविषयी आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखविली. आतल्या थरांतून येणारा प्रकाश या पेशी काचेच्या तंतूप्रमाणे आपल्या लांबीतून वाहून नेतात आणि फारसा विखुरू न देता प्रकाशग्राही पेशींपर्यंत पोचवितात. जिने प्रकाश आणून दिला तिलाच त्याच्या आघाताला उत्तर द्यावे लागते. हाइन्रिख म्यूलरने १८५१ साली तंतू वर्णिले आणि १८५५ साली प्रकाशाला किती खोल जावे लागते ते मोजले. ही दोन्ही निरीक्षणे एकाच पेशीविषयी होती, हे त्याला कळणे शक्य नव्हते.

राहता राहिला तो नव्या पेशींचा प्रश्न. २०१७ च्या प्रयोगात उंदरांच्या म्यूलर-पेशींपासून निपजलेल्या चेतापेशी बहुतेक मधल्या थरांच्या जातीच्या होत्या. त्यांनी जवळच्या पेशींशी जोडण्याही केल्या, आणि प्रकाशाला प्रतिसादही दिला. परंतु नोएलच्या दिव्याखाली ज्या मरतात, त्या दंडपेशी व शंकुपेशी उंदराच्या डोळ्यात या मार्गाने पुरेशा संख्येने अद्याप घडविता आलेल्या नाहीत.